आमची वाटचाल: १६ गेजचा बाक

शाळेचा बाक उलटा करून बघणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. लोखंडी बाक बनवायचा आमचा धंदा त्या उलट्या बाजूवरच उभा राहिला. एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक कटर, आर्क वेल्डिंगचे मशीन आणि आमच्या मिस्त्रींनी स्वतः बनवलेले जिग (पाइप जागेवर धरणारा साचा), एवढ्यावर सुरुवात झाली. त्या जिगमध्ये २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप बसवला की चौकट गुण्यातच, म्हणजे काटकोनातच, बाहेर पडते. पुढे सीओटू वेल्डिंगचे मशीन आले, पावडर कोटिंगची भट्टी आली, पण जिग आजही तेच आहे.

सरकारी कामात उतरलो तेव्हा निविदा कागदावर असत. कोरा फॉर्म मागायला गेले की ‘संपले’. पाकीट पेटीपर्यंत पोचू नये म्हणून कचेरीच्या फाटकात माणसे उभी. ई-निविदेने हे मोडून काढले. डिजिटल सहीचा टोकन संगणकाला लावायचा, सही करायची आणि गाळ्यात बसून दर भरायचा. याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. पण चोरी फक्त पाकिटात नव्हती. ती निविदा निघण्याआधी अटींमध्ये होते आणि माल उतरल्यावर तपासणीत होते. ही दोन्ही टोके उघडीच राहिली.

अटींचे सांगतो. उलाढाल एवढी मागायची की तालुक्यातला एकही फॅब्रिकेटर बसू नये. पायाचे डिझाइन असे द्यायचे की ते एकाच कारखान्यात निघते. तेव्हा ३ लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची होती, म्हणून एकाच मालाचे तुकडे पाडायचे आणि कोटेशनवर उरकायचे. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे: निविदापूर्व बैठकीला जा आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोललेले कुणाच्या लक्षात राहत नाही. लेखी हरकतीवर शुद्धिपत्रक निघालेले मी पाहिले आहे.

एका जिल्हा परिषदेच्या कामात आम्ही दुसऱ्या क्रमांकावर राहिलो. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, आलेल्याचा दर ऐकून मिस्त्री म्हणाले, “दादा, या दरात १६ गेजचा पाइप येतच नाही.” माल शाळांत पोचल्यावर मी एका बाकाची कॅप काढून पाइपच्या तोंडाला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. १६ गेज म्हणजे पाइपच्या पत्र्याची जाडी १.६ मिलिमीटर; गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. इथे कोटिंग धरूनही १.४ भरत नव्हते. सरळ १८ गेज, म्हणजे जवळपास पाव लोखंड गायब. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून तपासणी अहवाल मागवला. त्यात गेजचा रकाना कोरा आणि खाली शेरा: ‘दर्जा समाधानकारक’. ही चीड माझ्या मनातून आजही गेलेली नाही. त्या बाकांवर बसणारी मुले आपलीच आहेत.

पुढच्या खेपेला काम आम्हाला मिळाले. माल बोलल्याप्रमाणे दिला, आणि बिल अडकले. टक्केवारीचा निरोप आला, मी नाही म्हणालो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावे लागते, हे खरे. पण कायदा नसता तरी मी दिली नसती. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. बँकेची कॅश क्रेडिटची उचल मर्यादेच्या टोकाला गेली, बँकेचे पत्र आले, पाइपवाल्याने उधारी बंद केली. पगाराच्या दिवशी मिस्त्री स्वतःच म्हणाले, “आधी पोरांचे द्या.”

तेव्हा आम्हाला तगवले ते एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी. पहिल्या ऑर्डरपासून बाईंची पद्धत एकच: टेम्पोतून उतरलेल्या ढिगातला कुठलाही बाक स्वतः निवडायच्या, काट्यावर ठेवायच्या आणि वजन चलनावर लिहून सही करायच्या. त्या काळात त्यांनी वसतिगृहाच्या खाटांचे काम दिले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. मला विचाराल तर प्रत्येक सरकारी शाळेत हेच व्हावे. प्रयोगशाळा नको, वजनकाटा पुरे. मंजूर नमुन्याचे वजन पुरवठा आदेशातच छापा आणि तपासणी अहवाल दरांसारखाच सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

बिलासाठी आम्ही लघुउद्योगांच्या ‘समाधान’ पोर्टलवर दावा टाकला. लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्याने मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. असे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्योजक मित्रांनो, लघुउद्योग म्हणून नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा आणि पोचपावतीवर तारीख घ्या, सगळा दावा त्या तारखेवर उभा राहतो. परिषदेची नोटीस गेल्यावर मुद्दल आले.

नंतरची वर्षे ठीक गेली. आता आमच्या प्रत्येक बाकाखाली गेज, वजन आणि आदेश क्रमांक पंच केलेला असतो. व्याजाचा दावा मात्र अजून चालू आहे. ‘मुद्दल मिळाले, आता सोडा’ असे सांगणारे बरेच भेटतात. पुढच्या तारखेलाही मी पोचपावत्यांची फाइल घेऊन जाणार आहे.