माळावरच्या मेंढ्या आणि अडकलेला चेक

माझा मूळ धंदा बिल्डर लोकांना स्कीमची मॉडेलं करून द्यायचा. नागपुरात वर्धा रोड, बेसा, हिंगणा, जिथं जिथं लेआउट पडले तिथल्या साइट ऑफिसात काचेच्या पेटीत जे टुमदार गाव दिसतं ना, त्यातलं बरंच माझ्या हातचं. त्या धंद्यात एक गोष्ट अंगात भिनली, झाडं कमी पडू द्यायची नाहीत. प्लॉटवर नुसता मुरूम असला तरी मॉडेलमध्ये लॉन, पाम आणि मधोमध कारंजं. पाणी कुठून येणार हे मी कधी विचारलं नाही आणि गिऱ्हाईकांनीही नाही.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं काम नंतर सुरू झालं, आधी पोरीसाठी, मग वाढदिवस, मग मॉल, आता शाळा. लोकांना वाटतं खेळ आहे. पाच-सहा हजार तुकड्यांचं बिल पाठवलं की म्हणतात एवढे पैसे खेळण्याचे? अहो, २०२० ला खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांची ६० झाली आणि २०२३ ला ७०, त्यात मला लागतात नेमके ते मळके, मातकट रंग, जे सेटमध्ये चिमूटभर येतात आणि सुटे घ्यायला गेलं की महाग.

तर मानेवाड्याकडच्या एका शाळेतून मराठीच्या मॅडमचा फोन आला. लायब्ररीच्या हॉलमध्ये आठवडाभर पुस्तक प्रदर्शन, त्यात मराठी कादंबरीवर एक देखावा पाहिजे, ठोकळ्यांचा. मी म्हटलं किल्ला वगैरे असेल. त्या म्हणाल्या, नाही भाऊ, बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. तरुण मास्तर औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो, लोक आधी दाद देत नाहीत, मग जीव लावतात, सगळे मिळून तालीम बांधतात, तिच्यासाठी खुद्द राजे येतात, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. शाळेत असताना धडा होता त्यातला, पूर्ण आताच वाचली, पातळसं पुस्तक आहे, दोन बैठकांत संपलं.

मॅडमची कल्पना ऐकून मी गार. सोमवारी माळावर मेंढ्याच मेंढ्या असतील, आणि रोज एकेका वर्गानं येऊन थोड्या मेंढ्या उचलायच्या. उचलणाऱ्यानं बाजूच्या वहीत लिहायचं की त्याची मेंढी कुठं गेली. शनिवारी माळ रिकामा. एवढ्या वर्षांत असलं काम मला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या धंद्यात सगळे भरायलाच सांगतात.

आता माळ. हे जरा सविस्तर सांगतो कारण बिल पाहताना हेच कोणाला कळत नाही. ४८ बाय ४८ स्टडचे सहा बेसप्लेट (स्टड म्हणजे वर दुसरा ठोकळा बसतो ते बारीक गोल उंचवटे), म्हणजे साधारण ११५ बाय ७७ सेंटिमीटर. घरं सोपी असतात. माणदेशातली मातीच्या धाब्याची बसकी घरं, चार इंचांत एक उभं राहतं. अवघड असते ती जमीन. सपाट ठेवली तर टेबल दिसतं, आणि उतार द्यायचा म्हटलं की खाली पोकळ ठेवता येत नाही, पोरं हात टेकवतात आणि बसलाच समजा खड्डा. म्हणून आतून लहान मुलांचे दुप्पट मापाचे मोठे ठोकळे भरतो, ते बारक्या ठोकळ्यांना जुळतात, बाहेरून दिसत नाहीत. वर ३.२ मिलिमीटरच्या प्लेटी एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा एक-दोन स्टड मागे, अशी ती चढण हळूहळू येते. एका रंगाची केली तर मेलेली दिसते. गडद टॅन, साधा टॅन, मधेच भाजल्यासारखा तांबूस तपकिरी, आणि ऑलिव्ह हिरवा अगदी हात आखडून. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, माणदेश सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, तिथं त्याच्या निम्मा, आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीचा रंग तिथं चालतच नाही. मॅडम सांगत होत्या, पोरांना टेकडी काढा म्हटलं की सगळे सेमिनरी हिल्स काढतात, गच्च झाडी.

समोरच्या कडेला मास्तर, नेहमीच्या चार सेंटिमीटरच्या माणसाच्या मापात, पाठमोरा, खांद्याला पिशवी. घरं मधल्या मापात, आणि मागच्या उतारावर मेंढ्या बारीक. त्यामुळे तीन फुटांत मैलभर माळ दिसतो. हे जमलं तेव्हा एकटाच खुर्चीवर बसून बघत होतो बराच वेळ.

मेंढ्या काळ्या केल्या, दख्खनी मेंढ्या बहुतेक काळ्याच असतात. शाळेतल्या दुसऱ्या एका सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंढी पांढरी असते, गूगल करा. असो. एका मेंढीला खाली दोन गोल चकत्या पायाच्या, वर १ बाय २ ची काळी वीट, पुढं तोंडाला एक तुकडा. आता ती उचलता आली पाहिजे, पण सिमेंट रोडच्या जॉइंटांवरून गाडी नेताना पडता कामा नये. म्हणून मागचा पाय स्टडवर दाबला आणि पुढच्या पायाखाली बिनस्टडची गुळगुळीत टाइल ठेवली. उंची दोन्हीची सारखी, पकड मात्र एकाच स्टडची. पाचवीतल्या पोराच्या दोन बोटांनी अलगद निघते. अशा ९६ मेंढ्या.

सोमवारी उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांच्यामागे पाच-सहा माणसं. पाहून खूश. मेंढ्यांचा कळप बघून म्हणाले, "वा, एकदम भरगच्च!" मग हळूच मला म्हणाले, "तेवढी हिरवळ टाका ना भाऊ, सगळं वाळलेलं दिसून राहिलं." मी हसलो, मॅडम पण हसल्या. योजना त्यांना मॅडमनी लेखी दिली होती, सहीसुद्धा होती त्यावर. न वाचता सही करणं ही आपल्याकडं मोठेपणाची खूण आहे.

शनिवारी दुपारी मी मॉडेल उचलायला गेलो तर हॉलमध्ये गोंधळ. अध्यक्ष कोण्या पाहुण्यांना घेऊन आले होते आणि माळ रिकामा. दोन शिपाई कपाटांखाली वाकून मेंढ्या शोधत होते, खरंच. आठवीचे पोट्टे भिंतीला लागून रांगेत.

"मेंढ्या गेल्या कुठं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, दुष्काळ पडला."

मला तिथं हसू आवरेना पण ते बाईंचं धाडस होतं, त्यांची नोकरी आहे तिथं, माझी नाही. अध्यक्षांनी उतारावर बोट टेकवलं. "आणि हे काळं काळं काय आहे?"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "लेंड्या, सर."

सगळी रांग फुटली हसायला. पण मी वाकून पाहिलं, आणि ते मात्र मी डिझाइन केलेलं नव्हतं. घाईत ओढलेल्या मेंढ्यांचे मागचे पाय स्टडवरच चिकटून राहिले होते. पायाच्या चकतीची पकड खाली आणि वर सारखीच असते, कुठून सुटेल ते ओढणाऱ्याच्या बोटावर, वाकडं ओढलं की वरून सुटते. पूर्ण उतारभर असे काळे ठिपके, कुठं एक, कुठं तीन जवळजवळ. कळप कुठं उभा होता ते दिसत होतं त्यातून.

मॅडमनी बिस्किटाचा डबा काढला, मेंढ्या त्यात होत्या. अध्यक्षांनी मोजायला लावल्या. ७९ भरल्या. १७ कमी.

"म्हणजे चोरीच झाली ना!"

मग वही आली. मी वहीबद्दल विसरलोच होतो. पाचवीवाल्यांनी बहुतेक "मेली" लिहिलं होतं, एकाखाली एक, कॉपी करून. एकीनं "मामाच्या गावी पाठवली, तिथं कॅनॉल आहे." सातवीनंतर जरा बरं होतं. आणि गुरुवारच्या पानावर, अक्षर एकदम सुबक: "विकली. ५ रु." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात "३ रु. ला दिली, आता कोणी घेत नाही."

अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं. "शाळेत धंदा करून राहिले हे पोट्टे!" विकणारा कोण ते लगेच कळलं, तो स्वतःच पुढं आला, आठवी ब. घेणारे सातवीतले. पहिल्या दिवशी पाच रुपयांना गेली, मग सगळेच विकायला लागले तर भाव पडला, असं तो जितकं सरळ सांगत होता तितकं मला कोणी मार्केट समजावलेलं नाही. मॅडम माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं. दुष्काळात जनावरांच्या बाजारात हेच होतं, विकणारे सगळे, घेणारा कोणी नाही, मिळेल त्या भावात दावं सोडायचं. हे पुस्तकावरून त्या पोरांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या त्यांच्यातच झालं. पण ते त्या वेळी अध्यक्षांना सांगायची सोय नव्हती. पोराला वर्गाबाहेर उभं केलं आणि पालकांना बोलावणं गेलं.

मला ते अजून टोचतं आहे. एक मन म्हणतं की शाळेची वस्तू विकली, शिक्षा बरोबर आहे. पण आम्हीच त्याला सांगितलं होतं की मेंढी उचल आणि कुठं गेली ते लिही. त्यानं उचलली, आणि खरं लिहिलं. बाकी बहुतेकांनी काय लिहिलं? "मेली."

मी तेवढं बोललो, की हिशोबातून १७ मेंढ्यांचे पैसे कापा, पोराला सोडा. अध्यक्ष म्हणाले पैशाचा प्रश्न नाही. पैशाचा प्रश्न नाही म्हणणाऱ्या माणसाकडूनच माझा चेक अडकतो हा जुना अनुभव आहे.

आणि तसंच झालं. परवा ऑफिसातून फोन, मॉडेल साहेबांना आवडलंय, कायमचं घ्यायचंय, एंट्रन्सला काचेत ठेवायचंय. बाकीचे पैसे पूर्ण, वर काचेचे वेगळे. फक्त मेंढ्या पुन्हा सगळ्या बसवा, ग्लू लावून, निघायला नको. थोडी झाडं, एक विहीर पाण्यासकट. जमलं तर राजाची मिरवणूक. पुस्तकात राजे येतातच की हो, ते काही खोटं नाही.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा व्यवसाय आहे भाऊ, मी काय सांगू." मग रात्री मेसेज केला की त्या पोराला सोमवारपासून वर्गात बसू देऊन राहिले आहेत. मॉडेलबद्दल एक शब्द नाही.

सहाही भाग सध्या माझ्या वर्कशॉपमध्ये टेबलावर आहेत. पाय अजून काढलेले नाहीत. ग्लूचं मला वावडं आहे, एकदा लावला की तुकडे संपले, पुढच्या कामाला येत नाहीत, ते एक कारण मी तोंडावर सांगू शकतो. बायको म्हणते, बिल्डर लोकांना एवढी वर्षं नसलेली झाडं लावून दिली तेव्हा झोप लागत होती ना. लागत होती, उत्तम लागत होती, कारण तिथं खाली खरी जमीन काय आहे ते मला बघायचंच नसायचं.

ऑफिसला उद्या कळवतो म्हणून सांगितलंय. कालही तेच सांगितलं होतं. दरम्यान १ बाय २ च्या काळ्या विटा मागवून ठेवल्या आहेत, सतराच लागतील, पण किमान ऑर्डर पन्नासची आहे.