तो कशात आत आहे?

तुरुंगातला माझा विद्यार्थी कशात आत आहे, असं तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. तुरुंगातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना फुकट शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तो कशात आत आहे?" घरगुती माणसं असली तर सरळ, "काय केल्यान तेना?" विषय कोणता, पुस्तकं पोचतात का, पास होतात का, हे कुणाला जाणून घ्यायचं नसतं.

उत्तर एवढंच की मी विचारत नाही. खुनातल्या माणसाने लिहिलेलं मूलभूत हक्कांवरचं उत्तर आणि फसवणुकीतल्या माणसाने लिहिलेलं तेच उत्तर एका मापाने तपासायचं, तर कलम कानावर न पडलेलं बरं. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा माझी थोडी सोयच झाली. जुन्या दंड संहितेतलं ३०२ म्हणजे खून, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्यांत खून १०३मध्ये गेला. बराकीत आकडे बोलले गेले तरी काही दिवस डोक्यात काही उमटत नव्हतं.

आता न विचारलेलं सांगते. कोकणातली कारागृहं लहान आहेत, अलिबागचं तर हिराकोट किल्ल्यात आहे. लहान जागेत वर्गाची वेळ बराकींच्या कुलुपावर ठरते. दुपारी बराकी बंद, संध्याकाळी पुन्हा बंद. मधल्या वेळात मुलाखत, वकील, दवाखाना, कोर्टाची तारीख. उरतो जेमतेम तास. तार असते म्हणून स्पायरलची वही गेटवरच राहते, स्टेपलची पिन आणि कंपासपेटीही राहते. झेरॉक्स दोऱ्याने शिवून न्यायच्या. जून ते सप्टेंबर बॉलपेनच द्यायचं, दमट कागदावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उतरते. चिठ्ठी, निरोप, फोन नंबर यातलं काही आत न्यायचं नाही, बाहेर आणायचं नाही. केसबद्दल सल्ला मागितला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाचं नाव सांगायचं आणि पुन्हा धड्यावर यायचं.

सगळ्यात अवघड बुद्धी नसते, हात असतो. वर्षानुवर्षं सहीपलीकडे न लिहिलेल्या बोटांना तीन तासांचा पेपर झेपत नाही, तासाभरात अंगठा आखडतो. म्हणून आधी वीस मिनिटांत एकच उत्तर, मग चाळीस मिनिटांत दोन, असं वाढवत न्यावं लागतं. इग्नू या मुक्त विद्यापीठात कैद्यांना फी माफ आहे, पण स्वाध्याय स्वतःच्या हातानेच लिहायचे असतात आणि त्यांना ३० टक्के भार असतो. बराकीत टीव्ही चालू, दिवा वर छताला, वही मांडीवर. स्वाध्याय तिथे होतात.

अर्थशास्त्रात सगळे एकाच जागी अडतात. किंमत बदलली की माणूस मागणीच्या त्याच वक्रावर वरखाली सरकतो, दुसरं काही बदललं की अख्खा वक्रच हलतो. पुस्तकातला चहा-कॉफीचा दाखला इथे चालत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव चालतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे पुरवठ्याचा वक्र डावीकडे गेला. सुरमई महागली म्हणून गिऱ्हाइकाने कमी घेतली, तर तो आपल्याच वक्रावर वर सरकला. श्रावण लागला आणि भाव तोच असूनही लोकांनी मासळी सोडली, तर मागणीचा वक्र हलला. ज्याने खलाशी म्हणून जाळं ओढलंय त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

आणि आता जे टाळत होते ते. बीएच्या दुसऱ्या वर्षाचा एक कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, स्वाध्याय वेळेवर, अक्षर नीट. परीक्षा आतच होणार होती, हॉल तिकिटावर कारागृहाच्या केंद्राचा क्रमांक. पहिला पेपर सोमवारी, त्याला जामीन झाला आधीच्या गुरुवारी. जातमुचलका, जामीनदार, कागद पोचले, शुक्रवारी संध्याकाळी तो सुटला. सुटलेल्या माणसाला परीक्षेसाठी आत घेता येत नाही. केंद्र बदलायचं तर विभागीय केंद्राकडे अर्ज, आणि त्याची मुदत कधीच उलटलेली. त्यात जामिनाची अट अशी, की आपल्या तालुक्यात पाऊल टाकायचं नाही. तो मुंबईला भावाच्या खोलीवर गेला. पुस्तकं कारागृहाच्या वाचनालयाची, ती मागे राहिली. नोट्सची वही सुटताना तपासणीत अडकली की तोच विसरला, कळलं नाही. पाचही पेपरला गैरहजर.

त्याच्या आईला तो शुक्रवार सोन्याचा वाटला असणार, आणि माझ्या मनात आलं, जामीन पंधरा दिवसांनी झाला असता तर! एका माणसाची सुटका मी वेळापत्रकात बसवून बघत होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण प्रामाणिकपणे विचारलंत तर हेच आहे. नोंदणीची मुदत शिल्लक होती, पुढच्या सत्रात बाहेरच्या केंद्रावरून बसता आलं असतं. बसला का? नंबर घ्यायचा नाही हा नियम, म्हणून मला माहीत नाही. शिकवायला लागले तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, शिक्षण वाया जात नाही. आजची मी विचारते, मग गुणपत्रिका कशाला लागते? त्या दोघींचं अजून पटलेलं नाही.

त्यानंतर एक बदल केला. परीक्षेचा फॉर्म भरतानाच आता प्रत्येकाला विचारते: तारीख कधीची, जामिनाचा अर्ज पडलाय का, मिळेलसं वकील म्हणतात का. मिळणार असेल तर बाहेरचं केंद्र टाकायचं का, हे आधी ठरवावं लागतं. मग जामीन न झाल्यास कोर्टाची परवानगी आणि पोलीस गार्ड मिळवून त्याला तिथे न्यावं लागतं, आणि बंदोबस्ताच्या दिवसांत गार्ड मिळत नाही. दोन्हीकडे धोका आहेच. पण जामीन मिळेल का, याचं उत्तर कलमाशिवाय देता येत नाही. त्यामुळे विचारत नाही म्हणते खरी, आणि फॉर्मच्या तिसऱ्या प्रश्नाला मला कळलेलं असतं तो कशात आत आहे. तुम्हाला मात्र सांगणार नाही.