तुम्ही विचारलंत म्हणून: शब्द तेच, मग अर्थ वेगळा का?

घटनेतले शब्द तेच असताना सुप्रीम कोर्ट एकदा कायदा रद्द करतं आणि एकदा राखतं, हे कसं? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सोलापुरात याचं उत्तर विडीवरून द्यावं. विडी घरकुल या इथल्या विडी कामगारांच्या वसाहतीत सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईच्या कामाने सुप्रीम कोर्टाला 1950 पासून पुन्हा पुन्हा अर्थ लावायला लावलाय.

पहिला खटला 1950 चा, चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश. शेतीला मजूर मिळावेत म्हणून 1948 चा एक कायदा शेतीच्या हंगामात ठराविक गावांत विड्या वळायलाच बंदी घालू देत होता. सागर जिल्ह्यातला एक कारखानदार आणि एक कामगार थेट सुप्रीम कोर्टात गेले. कलम 19 व्यवसायाचं स्वातंत्र्य देतं, पण जनहितासाठी 'वाजवी निर्बंध' घालायची मुभाही ठेवतं. न्या. मेहरचंद महाजनांनी बघितलं ते एवढंच: हेतू चांगला आहे, पण बंदी त्या हेतूला नेमकी बसते का? शेतात जाऊच न शकणारे म्हातारे, अपंग, आजारी यांच्याही हातची विडी ती काढून घेत होती. शेतमजुरांपुरता निर्बंध घालून किंवा कामाचे तास ठरवूनही काम भागलं असतं. गरजेपेक्षा जास्त ओढलेला निर्बंध वाजवी नाही, म्हणून तो कायदा गेला.

आता 1974. विडी व सिगार कामगारांच्या 1966 च्या कायद्याला कारखानदारांनी आव्हान दिलं. ठेकेदाराने नेमलेल्या माणसांची जबाबदारी आमच्यावर का, हा त्यांचा मुख्य आक्षेप, आणि आधार पुन्हा तेच कलम 19. मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात कोर्टाने कायदा राखला. इथे निर्बंध दुखण्यावर नेमका बसत होता: मधे ठेकेदार उभा करून मालक हात झटकत होते आणि हा कायदा तीच वाट बंद करत होता. 1950 चा निकाल इथे बदललेला नाही, त्याच मापाने दुसरी वस्तू मोजली गेली. 'कोर्टाने भूमिका बदलली' असं म्हणण्याआधी हे माप तपासावं, असं मी आग्रहाने सांगतो.

पण कोर्ट नेहमी सरळ रेषेत चालतं असंही नाही. 1958 मध्ये सट्टेदार, म्हणजे ठेक्याने विड्या वळवून देणारा, आणि त्याच्याकडचे मजूर हे कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निकाल झाला. पुढे साधारण वर्षभराच्या अंतराने दोन निकाल आले. नागपूरच्या कारखान्यातले विडी कामगार 'कामगार' ठरले, कारण त्यांना कारखान्याच्या वेळेतच यावं लागे, हजेरी लागे. दुसऱ्या खटल्यात येण्याजाण्याची मोकळीक असलेला माणूस बहुमताने 'कामगार' ठरला नाही. न्या. सुब्बा राव यांनी तिथे वेगळं मत लिहिलं आणि माझ्या मते तेच बरोबर होतं. पोट हातावर असलेल्या माणसाची मोकळीक ती केवढी!

मग 1985, पी. एम. पटेल अँड सन्स. घरी विड्या वळणाऱ्यांना पीएफ लागू होतो का, हा प्रश्न. इथे घटनेचा नव्हे, 1952 च्या पीएफ कायद्याचा अर्थ लावायचा होता. त्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या फक्त आस्थापनेतल्या कामाबद्दल बोलत नाही, त्या कामाच्या 'संबंधात' केलेलं कामही धरते, आणि ठेकेदारामार्फत नेमलेल्यांनाही. म्हणून घर हे कामाचं ठिकाण ठरायला अडचण उरली नाही. राहिला प्रश्न नियंत्रणाचा. मालक म्हणत होते, घरी काम चालतं, आमची देखरेख कुठे? कोर्टाने छाटेकडे, म्हणजे नापसंत म्हणून काढून टाकलेल्या विड्यांकडे, बोट दाखवलं. विडी वळणं सोपं काम आहे, त्यावर उभं राहून नजर ठेवावी लागत नाही. माल तपासून नापसंत विड्या बाजूला काढायचा हक्क हेच पुरेसं नियंत्रण. ज्या छाटेने बाईची मजुरी कापली जाते, तीच छाट ती मालकाची कामगार असल्याचा पुरावा झाली. कायद्याच्या अर्थाचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हे निकाल घेऊन आलेले लोक अडतात ते तत्त्वावर नाही, वस्तुस्थितीवर. कलम 141 मुळे निकालाचं तत्त्व देशभर बांधील असतं, पण ते तुमच्या गोष्टीला लावायला गोष्ट सिद्ध करावी लागते. कारखान्याच्या एका ब्रँचमधून दुसऱ्या ब्रँचमध्ये गेल्यावर जुनं पासबुक फेकलं जातं, मजुरी सासूच्या नावावर लागते आणि विड्या सून वळते, मालाची नोंद सुट्ट्या चिठ्ठीवर असते. म्हणून तारीखवार पान-तंबाखू किती घेतलं, किती हजार विड्या दिल्या, छाट किती गेली आणि मजुरी कुणाच्या नावावर आली, या चार नोंदी एका वहीत ठेवा. आणि जिचे हात काम करतात तिचंच नाव त्यावर असू द्या.