ब्रेमेन चौक ते ब्रेमेन

रविवार, औंध

जेट लॅग काही उतरत नाहीये. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते आणि घरात सगळे घोरत असतात. चहा करून घेतलाय, तर लिहूनच टाकते.

औंधात राहणाऱ्याला ब्रेमेन हे नाव परकं नाही. पुणे आणि जर्मनीतलं ब्रेमेन या दोन्ही शहरांची जुनी मैत्री, त्यामुळे आमच्याकडे ब्रेमेन चौक आहे. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये मी शिकायला गेले, तेव्हा आजी शेजारच्या काकूंना म्हणाली, "ती ब्रेमेनला गेलीय." काकू म्हणाल्या, "मग येईलच तासाभरात." हा किस्सा आमच्याकडे अजून दर दिवाळीला निघतो.

यंदा परत गेले ती भाच्याच्या निमित्ताने. ताईचा मुलगा मी शिकले त्याच विद्यापीठात एम.एस.ला लागलाय. खरं तर मला माझंच सगळं पुन्हा बघायचं होतं, बाकरवडी आणि मेतकूट पोचवणं ही सबब.

ऑक्टोबर म्हणजे तिथे फ्रायमार्क्टचे दिवस. १०३५ सालापासूनची जत्रा, स्टेशनामागच्या मैदानात भरते. नवरात्रात चतुःशृंगीला असते तशीच गर्दी, पाळणे आणि खाण्याचे वास, फक्त थंडीने बोटं बधिर झालेली. बाजार चौकातल्या रोलांडच्या पुतळ्याच्या गळ्यात या दिवसांत आल्याच्या केकचं हृदय अडकवतात. १४०४ साली उभा केलेला, हातात तलवार घेतलेला एवढा भारदस्त दगडी योद्धा, आणि गळ्यात हे! मी पहिल्यांदा पाहिला तो असाच.

सहा नंबरची ट्राम अजून तशीच, विमानतळाकडून स्टेशनवरून विद्यापीठाला जाते. भाच्याला म्हटलं, चल, माझं वसतिगृह दाखवते. वाटेत माझी टकळी सुरूच होती. आमच्या वेळी फोनकार्ड खरवडून नंबर काढायचा, मिनिटं संपत आली की आई नेमकी रडायला लागायची, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच पाव भरून ठेवायचा. तो "हं, हं" करत होता. रविवारी दुकानं अजूनही बंदच असतात, हे तेवढं त्याने सांगितलं.

इमारत तीच. रंग नवा लावलाय, सायकलींचा ढीग वाढलाय. आत जाता येईना, म्हणून दाराशीच घंट्यांची पाटी वाचत उभी राहिले. प्रत्येक बटणाशेजारी प्लॅस्टिकच्या पट्टीखाली कागदाची चिठ्ठी, कुणी टाइप केलेली, कुणी पेनाने खरडलेली. माझ्या वेळी त्या पाटीवर भारतीय आडनाव एक माझं, तेही स्पेलिंग चुकवून. आता पाटील, रेड्डी, शर्मा, आणि एका चिठ्ठीवर दोन आडनावं, त्यातलं एक खोडलेलं. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी मुलांमध्ये आता आपली मुलं सगळ्यांत जास्त आहेत, हे वाचलं होतं. पाटीवर दिसलं. तेवढ्यात एक मुलगा रिकाम्या बाटल्यांची पिशवी खळखळवत बाहेर पडला. बाटलीमागे २५ सेंटपर्यंत परत मिळतात.

मी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवत होते. भाचा खिडकीकडे बघत नव्हता, पाटीकडे बघत होता. म्हणाला, "मावशी, इथल्या वेटिंग लिस्टवर माझं नाव आहे. कधी लागेल, काही सांगत नाहीत."

माझं फोनकार्ड वगैरे तिथेच विझलं. मला ही खोली पुण्यात बसून, एका अर्जावर मिळाली होती. हा फेगेझाकला राहतो, लोकल गाडीने अर्ध्या तासावर, सांगलीच्या एका मुलाबरोबर एकाच खोलीत, आळीपाळीने गादीवर. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ सुटतात. माझ्या वेळी युरो ५५-५६ रुपयांच्या आसपास होता, आता शंभरीपार गेलाय. भावजींनी कर्ज काढलंय. आमच्या पिढीने हालांच्या गोष्टी जरा जास्तच रंगवल्यात असं माझं मत झालंय. एकटेपणा होता, खोटं कशाला बोलू. पण डोक्यावर छप्पर होतं आणि त्याचा हिशेब रोज करावा लागत नव्हता.

परतताना टाउन हॉलशेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर चढलेला, ग्रिम बंधूंच्या गोष्टीतला तो प्रसिद्ध पुतळा पाहिला. १९५३ चा. गाढवाचे पुढचे पाय लोकांनी धरून धरून सोन्यासारखे चकचकीत केलेत. दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची. एका हाताने धरलं तर एक गाढव दुसऱ्याला नमस्कार करतंय असं म्हणतात. भाच्याने दोन्ही हातांनी घट्ट धरले. काय मागितलंस, हे विचारायची गरज नव्हती.

"गोष्टीत ब्रेमेनला निघालेले हे चौघं तिथे पोचतच नाहीत, माहितीये ना?" मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, "त्यांना वाटेतच घर मिळालं. नशीबवान!"

काल ताई आली होती. जेवतो का, थंडीचे कपडे पुरेसे आहेत का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "आणि खोली कशी आहे गं?"

"हवेशीर," मी म्हटलं.