तेरावे चॅनेल

राजारामपुरीतल्या आमच्या घरी राउटर बदलला आणि त्याच संध्याकाळपासून माझ्या उबुंटूच्या (लिनक्सच्या एका प्रकारावर चालणाऱ्या) लॅपटॉपला घरचे वाय-फाय दिसेनासे झाले. घरातल्या मोबाइलना मात्र ते व्यवस्थित सापडत होते. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉप लगेच पकडत असल्यामुळे कार्ड किंवा ड्रायव्हर बिघडल्याची शंका मी तिथेच सोडून दिली. (तरीही वाय-फाय बंद केलेले तर नाही ना हे दाखवणारी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा चालवून पाहिलीच, सवय जात नाही.)

खरा धागा मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये सापडला. नव्या राउटरने आपणहून १३ वे चॅनेल (वाय-फायच्या लहरींचा क्रमांक दिलेला एक पट्टा), म्हणजे २४७२ मेगाहर्ट्झ, निवडले होते. टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू रेग गेट' ही, लॅपटॉप वाय-फायसाठी कोणत्या देशाचे नियम पाळतो ते दाखवणारी आज्ञा दिल्यावर देशाच्या जागी 'यूएस' उमटले. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली १ ते १३ चॅनेल वापरता येतात, परंतु लिनक्समधल्या अमेरिकेच्या नियमावलीत ११ च्या पुढची चॅनेल बंद असतात, त्यामुळे कोल्हापुरात बसलेला माझा लॅपटॉप शेजारच्या खोलीतल्या राउटरकडे परदेशी कायद्याने पाठ फिरवून बसला होता. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ही आज्ञा देऊन देश भारत केल्यावर घरच्या वाय-फायचे नाव यादीत आले, पण रीस्टार्टनंतर पुन्हा गायब झाले. शेवटी राउटरच्या सेटिंगमधले 'ऑटो' काढून ६ वे चॅनेल कायम केले. पाहुण्यांच्या लॅपटॉपचा विचार करता मला हेच अधिक सोयीचे वाटले.