दीक्षाभूमीच्या रस्त्यावर कॅसेटी शोधताना

जुनी भीमगीतं आणि कव्वाल्या जमवायचा नाद असेल तर दसऱ्याला नागपूर गाठायलाच हवं. १९५६ च्या अशोक विजयादशमीला, म्हणजे १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं येतात, आणि दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते दुकानांनी भरून जातात. पुस्तकं, मूर्ती, निळे झेंडे, कॅलेंडरं आणि गाणी. मी गेले ती गाण्यांसाठी. आम्ही नाशिकचे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक आमच्या घरात रोज वाजायचे, पण मला हवे होते ते कुणाला फारसे माहीत नसलेले विदर्भातले शाहीर, स्वतःच लिहिणारे, स्वतःच गाणारे.

मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरले आणि तिथून गर्दी नेईल तशी चालत राहिले. दर दहा पावलांवर वेगळा स्पीकर, एकाची ढोलकी दुसऱ्याच्या हार्मोनियमवर चढलेली. बहुतेक ठिकाणी आता पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड, एकाच्यात शेकडो गाणी. गाणी घरोघर पोचतायत हे चांगलंच आहे, पण स्क्रीनवर नुसतं भीमगीत सत्तेचाळीस असं दिसतं, कोणी लिहिलं, ढोलकीवर कोण, कुठल्या साली, काही नाही, आणि हे मला खरंच लागतं. कारण हे कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफतात, वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतोच, आणि कॉपी करताना कुणी गाणं मध्येच तोडलं की पहिलं जातं ते तेच नाव.

कॅसेटी मिळाल्या त्या एका म्हाताऱ्या काकांकडे, वंदनेच्या पुस्तकांमागे खोक्यात. मी जय भीम केला आणि विचारलं तर म्हणाले, “आता कोनी नाही घेत जी ताई ह्या, तुमाले काऊन पाह्यजे?” सांगितल्यावर त्यांनी सगळं खोकंच पुढे सरकवलं आणि मग बोलतच राहिले. ऐंशीच्या दशकात टेप स्वस्त झाले, घरोघर रेडिओ आणि टेप एकत्र असलेले टू-इन-वन आले, प्रल्हाद शिंदेंसारख्या मोठ्या गायकांच्या मागे कंपन्या होत्या, पण वस्तीतला शाहीर मात्र मंडळाकडून वर्गणी गोळा करून एका रात्रीत रेकॉर्डिंग उरकायचा, थोड्याच कॉपी काढायचा आणि जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजखाली बसून स्वतःच विकायचा. संपल्या की संपल्या. म्हणून अशा कॅसेटी दुकानांत कधी दिसतच नाहीत.

त्यातली एक कामठीकडच्या शाहिराची. कव्हर झेरॉक्सचं, मधे चैत्यभूमीचं चित्र काळं झालेलं, पण आत बॉलपेनने दोन्ही बाजूंची गाणी, कोरसमधल्या बायकांची नावंसुद्धा, आणि खाली ‘गीत, संगीत व आवाज’ म्हणून एकच नाव. तेवढ्यासाठी मी ती घेतली. काकांनी दहा रुपये सांगितले, मी जास्त द्यायला लागले तर हात धरला.

एक सांगते, अशी कॅसेट घेतली की लगेच टेपमध्ये घालू नका. पट्टीच्या मागे स्प्रिंगवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, डिंक वाळून तो गळालेला असतो, मग टेपच्या हेडवर, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, पट्टी नीट टेकत नाही आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसऱ्या खराब कॅसेटचा तुकडा काढून लावायचा. पांढरी बुरशी दिसली तर आधी साफ करायची, नाहीतर तुमचं हेडपण खराब. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची. नव्वद मिनिटांची असेल तर जास्तच जपून, तिची पट्टी पातळ असते, पटकन गुंडाळते.

दुसऱ्या दिवशी तर्री पोहे खाऊन सीताबर्डीला फुटपाथवर फिरले, तिथे खंजिरी भजनांच्या दोन मिळाल्या, तुकडोजी महाराजांची भजनं गाणाऱ्या गावच्या मंडळाच्या. त्यांच्यावर वेगळं लिहीन.

कामठीची कॅसेट घरी येऊन कॉम्प्युटरवर उतरवली. बी साइडला एक गाणं आहे बिडी वळणाऱ्या बाईचं, तिच्या मुलीच्या शाळेच्या फीचं, ढोलकी इतकी जवळ की चाटीवरची बोटं ऐकू येतात, आणि शेवटच्या अंतऱ्यात शाहीर स्वतःचं नाव, गाव, वस्ती सगळं गाऊन मोकळा होतो. मी एकही गाणं कापलेलं नाही. प्रत्येक फाइलला कवीचं नाव दिलंय, कव्हरचे फोटो सोबत ठेवलेत आणि पेन ड्राइव्ह काकांना कुरिअर केलाय, ते म्हणाले पुढच्या दसऱ्याला दुकानात हाच लावतो.