दुसऱ्याच्या पापाची माफी आपण मागितली तर चालते का?

जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा एखाद्या आईकडून. मुलानं सख्ख्या भावाला जमिनीत फसवलंय, त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याच्या वतीनं मीच देवाकडे क्षमा मागितली तर?

मागता येते. मिळतं काय, ते मात्र नीट बघायला हवं. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सीनाय डोंगरावर देवापाशी असताना खाली त्या लोकांनी पूजेसाठी सोन्याचं वासरू केलं. देव म्हणाला, मला अडवू नकोस, यांना भस्म करतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. (दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.) मोशे लोकांच्या चांगुलपणाबद्दल अवाक्षर काढत नाही, काढण्यासारखं काही नव्हतंच. तो देवालाच पेचात धरतो: ज्यांच्या गुलामीतून यांना सोडवलंस ते मिसरी (इजिप्तचे) लोक काय म्हणतील? यांचे पूर्वज अब्राहाम, इसहाक, याकोब यांना वाहिलेल्या शपथेचं काय? संकट टळतं. पुढे तो म्हणतो, क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोड. त्यावर उत्तर मिळतं की ज्यानं पाप केलं त्याचंच नाव खोडीन. मोशेचा जीव बदली म्हणून घेतला जात नाही. गणना या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात, लोक पुन्हा बंड करतात तेव्हा, तर देव म्हणतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे क्षमा केली. आणि त्याच दमात, या पिढीनं मी देऊ केलेला देश पाहायचा नाही. 40 वर्षं रानात.

यिर्मया या संदेष्ट्याला तर देवानं साफ बजावलंय, या लोकांसाठी प्रार्थनाच करू नकोस. उलट शमुवेल हा दुसरा संदेष्टा लोकांना म्हणतो, तुमच्यासाठी प्रार्थना करायची सोडली तर ते माझंच पाप.

मला स्वतःला ईयोबाच्या, म्हणजे विनाकारण दुःख सोसलेल्या सज्जनाच्या, गोष्टीचा शेवट जास्त टोचतो. पोरं गेली, अंगभर गळवं, आणि मित्र म्हणतात, तूच काहीतरी केलं असशील. शेवटी देव त्या मित्रांवरच भडकतो: 7 बैल, 7 मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. ज्याला दुखावलं त्याच्याच दारात! ईयोबाचे दिवस पालटले तेही या प्रार्थनेनंतर, आधी नाही.

तेव्हा आई, तुम्ही मागा जरूर. पण मुलालाही भावाकडे धाडा. बैल-मेंढे नकोत, सातबारा घेऊन जा म्हणावं.